किल्लारीनंतर तीन दशके : मराठवाड्यातील वृद्धांच्या मनाची मोजदाद

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासचा प्रदेश भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. मिरवणुकीहून परतलेली गावे गाढ झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याची सरकारी नोंद आहे. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. अनेक गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली.

हा इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही. मात्र त्यातील एक साधा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. त्या पहाटे जे तिशीत होते ते आता साठी ओलांडून गेले आहेत. जे चाळिशीत होते ते सत्तरीच्या पुढे आहेत. ढिगाऱ्यातून आपल्या माणसांना हातांनी उकरून काढणारी ती पिढी आज वृद्ध झाली आहे. तिचे हातपाय थकलेले आपल्याला दिसतात. मनाचे आणि स्मरणशक्तीचे काय झाले, हे मात्र कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय दिसत नाही. अशा मोजणीचे शास्त्र गेल्या काही दशकांत पुष्कळ पुढे गेले आहे. भारतातही त्यावर मोठे काम झाले आहे. त्या कामात नांदेड आणि लातूर कोठे आहेत, हे आज पाहावयाचे आहे.

भूकंपानंतर घरे मोजली गेली, जखमी मोजले गेले, जनावरेही मोजली गेली. मनाची मोजणीही थोडीफार झाली, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. सुमारे महिन्याभराने मनोविकारतज्ज्ञांनी भूकंपातून वाचलेल्या ४२ व्यक्तींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांतील ५९ टक्के व्यक्तींमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. त्यात आघातानंतरचा तणावविकार आणि तीव्र नैराश्य हे प्रमुख होते. हा अहवाल १९९६ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेमार्फत भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करविला.

५९ टक्के हा आकडा वाचताच मनात भरतो. संख्याशास्त्राचा विद्यार्थी मात्र आधी विचारील, किती जणांपैकी? ४२ माणसांच्या पाहणीतून आलेल्या ५९ टक्क्यांचा अर्थ असा, की त्याच लोकसमूहातून योगायोगाने दुसरी ४२ माणसे निवडली असती तर उत्तर ४५ ही आले असते किंवा ७४ ही. नमुना लहान असला की आकड्याभोवतीचे धुके दाट असते. त्यावरून त्या डॉक्टरांचे काम उणे ठरत नाही. तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यांत बसून, माणसांना 'तुम्हाला झोप येते का?' असे विचारणे हीच मोठी गोष्ट होती. तरीही तो आकडा एका महिन्याचा होता. त्या माणसांची पुढची तीस वर्षे त्यात नव्हती, असूही शकत नव्हती.

त्या तीस वर्षांत काय घडू शकते याची कल्पना अन्य देशांतील अभ्यासांवरून येते. अमेरिकेत ५५ वर्षांवरील १ लाख ८१ हजार माजी सैनिकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१० साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आघातानंतरचा तणावविकार असलेल्यांपैकी १०.६ टक्क्यांना पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. तो विकार नसलेल्यांत हे प्रमाण ६.६ टक्के होते. वय, अन्य आजार इत्यादींचा प्रभाव वजा केल्यावरही अंतर उरलेच. म्हणजे मनावर झालेली जखम आणि म्हातारपणी विस्मरणात हरवणे यांचा काही संबंध असू शकतो. एक दुसऱ्याचे कारणच आहे, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही आणि संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही.

याहून आपल्याला जवळचा अभ्यास जपानचा आहे. मियागी प्रांतातील इवानुमा या गावी २०१० च्या ऑगस्टमध्ये ६५ वर्षांवरील रहिवाशांची आरोग्यपाहणी झाली होती. सात महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, भूकंप आणि त्सुनामी आली. एरवी आपत्तीचा अभ्यास आपत्ती आल्यावर सुरू होतो, त्यामुळे 'आधी ही माणसे कशी होती?' हा प्रश्न अनुत्तरित राहतो. येथे उत्तर कागदावर तयार होते. अडीच वर्षांनी संशोधक साडेतीन हजारांहून अधिक वाचलेल्या वृद्धांकडे पुन्हा गेले. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली होती त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा अधिक खालावलेली आढळली. आप्तमित्र गमावणे आणि बौद्धिक क्षमता यांत मात्र तसा ठळक संबंध दिसला नाही. शेजाऱ्यांशी जाणेयेणे, बोलणेबसणे कमी होणे हा दुवा त्यांत महत्त्वाचा निघाला. पुढील अभ्यासात असेही दिसले, की चिठ्ठ्या टाकून एकेकट्याला घर दिले गेले तेथे माणसांचा सामाजिक वावर घटला. जेथे शेजार एकत्र हलविला गेला तेथे तो टिकला, वाढलाही.

किल्लारी परिसरातील पुनर्वसन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वाचून थबकावेसे वाटेल. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या त्या कार्यक्रमात जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. घरे मजबूत होती. गावे मात्र सरळ रुंद रस्त्यांची, एखाद्या शहरी वसाहतीसारखी, ऐसपैस आखली गेली. जुन्या गावात गल्लीबोळाच्या तोंडाशी, पारावर, एकमेकांच्या ओट्यावर म्हातारी माणसे बसत असत. नव्या आखणीत तो शेजार विस्कटल्याची तक्रार आरंभापासून होत आली. अभियंत्यांनी भिंतींचा विचार केला हे योग्यच होते, कारण त्याच भिंतींनी माणसे मारली होती. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीला ओटा लागतो, हे १९९३ मध्ये कोणाच्या गणितात नव्हते. इवानुमासारखी आपत्तीपूर्वीची पाहणी आपल्याकडे नसल्याने त्या बदलाचा परिणाम किती झाला हे आता आकड्यात सांगता येणार नाही.

आता देशाकडे वळू. भारतातील वार्धक्याचा सर्वांत मोठा अभ्यास मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या सहकार्याने केला. 'लासी' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,२५० जणांच्या घरी जाऊन मुलाखती झाल्या. त्यांत साठीवरील ३१,४६४ होते. पहिला अहवाल जानेवारी २०२१ मध्ये निघाला. त्याच माणसांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा जायचे, अशी या अभ्यासाची योजना आहे. मनाच्या अभ्यासात हे फार महत्त्वाचे आहे. आज ७० वर्षांच्या आजी ५० वर्षांच्या सुनेपेक्षा कमी शब्द लक्षात ठेवतात, यावरून आजींची स्मृती घसरली असे ठरत नाही. त्यांना शाळाच मिळाली नव्हती, हेही कारण असेल. आजींची तुलना दहा वर्षांपूर्वीच्या त्याच आजींशी झाली, तरच घसरण कळते.

या अभ्यासाचा एक उपविभाग केवळ स्मृतिभ्रंशासाठी होता. त्यात ४,०९६ वृद्धांची दीर्घ तपासणी झाली. मग त्यांतील २,५२८ जणांची माहिती तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचली आणि कोणास स्मृतिभ्रंश आहे, कोणास नाही, हे एकमताने ठरविले. डॉक्टरांनी दिलेला हा निर्णय आणि त्या व्यक्तींची चाचण्यांतील उत्तरे यांचा मेळ संगणकाला शिकविण्यात आला. त्याच्या आधाराने मोठ्या पाहणीतील २८,९४९ वृद्धांपैकी प्रत्येकाची स्मृतिभ्रंशाची शक्यता काढली गेली. यातून निघालेला आकडा असा : भारतात साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. २०२३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

ही पद्धत ऐकून काहींना वाटेल, की माणसे तपासली थोडी आणि सांगितली लाखो. पण भात शिजला की नाही हे आपण शितावरूनच पाहतो. अट इतकीच, की हंडी नीट ढवळलेली असावी आणि शीत हाताला लागेल तेथून घेतलेले असावे, सोईच्या कडेचे नसावे. नमुना निवडण्याच्या या शास्त्रात महाराष्ट्राचे योगदान थोर आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा नमुना सर्वेक्षणावरील ग्रंथ १९५४ साली निघाला आणि जगभर अभ्यासला गेला.

मात्र या आकड्याने एक कोडे उभे केले. हरियाणातील बल्लभगढ परिसरात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील जेमतेम दीड टक्का लोकांत स्मृतिभ्रंश आढळला होता. मुंबईत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत याच वयोगटात तो २.४४ टक्के होता. मग वीस-पंचवीस वर्षांत स्मृतिभ्रंश चार-पाच पट वाढला काय? वृत्तपत्री मथळा असाच होईल. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. मोजण्याची फूटपट्टी, 'आजार' कोणत्या टप्प्यापासून म्हणायचा याची व्याख्या, माहिती स्वतः वृद्धाकडून घेतली की घरच्यांकडूनही, हे सारे बदलले आहे. जेथे म्हातारे माणूस पैशाचा व्यवहार पाहत नाही, एकटे बाजारला जात नाही, स्वयंपाक सुनेच्या हाती गेलेला असतो, तेथे विस्मरणाने त्याचे काही 'अडत' नाही. जे अडत नाही ते आजार म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे तर शब्दच तयार आहेत : 'साठी बुद्धी नाठी', 'म्हातारचळ लागला'. गोव्यात २००० च्या सुमारास झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. विस्मरणाला लोक वयाचा धर्म मानत, किंवा मुलांनी आबाळ केल्याचा परिणाम समजत. आबाळीची शंका आली की घरचे लोक डॉक्टरकडे जाण्याऐवजी गप्प बसतात, हे वेगळे सांगायला नको.

फूटपट्टीची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण मराठवाड्याचा प्रश्न तेथेच अडलेला आहे. स्मृती तपासण्याची जगात सर्वाधिक वापरली गेलेली ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगा, कागदावरची सूचना वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, अशा पायऱ्या आहेत. कधीच शाळेत न गेलेल्या बाईला ही चाचणी दिली तर ती नापास होणारच. तिच्या मेंदूत बिघाड असो वा नसो. म्हणून बल्लभगढच्या संशोधकांनी हिंदीत नवी चाचणी घडविली. उलट अक्षरांऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. लेखी सूचनेऐवजी 'मी करतो तसे करा' असे म्हटले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला लावले.

ही चाचणी घेऊन नांदेड जिल्ह्यात फिरायचे म्हटले तर काय होईल? देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू घरोघरी बोलली जाते. सीमेवर कन्नड ऐकू येते. शहरातील मुस्लिम वस्त्यांत दखनी, तांड्यांवर गोरमाटी, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. लातूरच्या निलंगा भागातही कन्नडचा शेजार आहे. दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने विचारायचे, ही चाचणीची एक नेहमीची रीत. प्रमाण मराठीतले दहा शब्द तांड्यावरच्या आजोबांना ऐकवले आणि त्यांना चारच आठवले, तर त्यांची स्मृती कमी की भाषा परकी? संख्याशास्त्रज्ञ याचा शोध एका विशिष्ट रीतीने घेतात. एकूण क्षमता सारखी असलेल्या दोन गटांतील माणसे एखाद्या प्रश्नावर मात्र सातत्याने वेगळी उत्तरे देत असतील, तर दोष त्या प्रश्नाचा आहे असे धरून तो बाजूला काढतात किंवा त्याचे गुण निराळे लावतात. हे काम किचकट आहे, पण ते न करता काढलेला आकडा अन्यायाचा ठरतो. ज्यांच्याकडे शाळा गेली नाही त्यांनाच तो मंदबुद्धी ठरवितो.

वयाचेही तसेच. स्मृतिभ्रंशाचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून वय अचूक हवे. आपल्या ग्रामीण वृद्धांच्या कागदोपत्री जन्मतारखा पाहा. शाळा पाहिलेल्या कित्येकांचा जन्म १ जूनचा! शाळा न पाहिलेल्यांचे वय ६०, ६५, ७० अशा गोल आकड्यांवर येऊन थांबते. अनुभवी पाहणीकार अशा वेळी तारीख विचारीत नाहीत, प्रसंग विचारतात. मराठवाड्याचे हे जनपंचांग पक्के आहे : रझाकारांचा काळ आणि १९४८ ची पोलीस ॲक्शन, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा भूकंप. 'दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा पोरगा केवढा होता?' या प्रश्नाचे उत्तर आधारकार्डापेक्षा खरे असते. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्मा-नोंदवह्याही या बाबतीत उपयोगी पडू शकतात. अर्भकावस्थेत बाप्तिस्मा झालेल्यांचे वय तेथे दिवसानिशी सापडते. प्रौढपणी झालेल्यांचे मात्र तेथेही अंदाजे लिहिलेले असते, हे ती वही हाताळणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला माहीत आहे.

नोंदवहीचा विषय निघाला म्हणून आपल्या वाचकांस विशेष वाटेल असा एक अभ्यास सांगतो. १९८६ साली अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संस्थेतील धर्मभगिनींचा अभ्यास हाती घेतला. ७५ वर्षांवरील ६७८ भगिनींनी दरवर्षी स्मृतिचाचणी देण्यास आणि मृत्यूनंतर मेंदू दान करण्यास संमती दिली. धर्मभगिनीच का? कारण त्यांचे अन्न, निवास, वैद्यकीय सेवा, दिनक्रम सारखा. धूम्रपान नाही, बाळंतपणे नाहीत. इतर माणसांत शंभर गोष्टी भिन्न असतात आणि कोणत्या गोष्टीचा परिणाम कोणता हे उकलत नाही. मठात तो गुंता आपोआप सुटलेला होता. मठाच्या दप्तरात आणखी एक ठेवा मिळाला. व्रतग्रहणापूर्वी, साधारण बाविसाव्या वर्षी, प्रत्येकीने स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त. अशी ९३ आत्मवृत्ते तपासली गेली. तरुणपणी ज्यांची वाक्ये विचारांनी भरलेली होती, त्यांच्यात साठेक वर्षांनंतर बौद्धिक घसरण बरीच कमी आढळली. काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर रोगाच्या खुणा सापडल्या, परंतु जिवंतपणी त्यांच्या वागण्याबोलण्यात विस्मरण दिसले नव्हते.

अभ्यास सुंदर आहे. पण या भगिनींपैकी बहुतेक पदवीधर आणि शिक्षिका होत्या. 'लासी'तील साठीवरील भारतीयांपैकी निम्म्याहून अधिक कधीच शाळेत गेलेले नाहीत. शिक्षणाचा अभाव हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गणला जातो. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणे दिली, त्यांत कमी ऐकू येणे, कमी दिसणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा हीही आहेत. ती सारी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल वा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. सत्तरीतल्या आजीला आता शाळेत पाठविता येत नाही. तिच्या डोळ्यांतला मोतीबिंदू मात्र काढता येतो, रक्तदाबाची गोळी रोज देता येते.

नैराश्याविषयी 'लासी'चे दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. 'तुम्हाला डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आहे का?' या प्रश्नाला साठीवरील ०.८ टक्के लोकांनी होय म्हटले. लक्षणांची प्रश्नावली विचारून काढले तर ८.३ टक्के लोक तीव्र नैराश्यात असण्याची शक्यता दिसली. दहापट! म्हणजे दहांतील नऊ जणांचे दुःख कोणत्याही डॉक्टरच्या कागदावर आलेलेच नाही. याला कारण शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या भागातील म्हातारी बाई 'मी उदास आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, डोके जड झाले, जीव घाबरा होतो, अन्न गोड लागत नाही. तिला शक्तीचे इंजेक्शन मिळते आणि ती घरी जाते.

मग नांदेडचा आकडा कोणता? लातूरचा कोणता? 'लासी'चा नमुना राज्याचे चित्र देण्यासाठी आखलेला आहे, जिल्ह्याचे नव्हे. त्याआधी बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हताच. जिल्ह्याजिल्ह्याचा, दरवर्षीचा, मनाशी संबंधित असा एकच आकडा आपल्या वाचनात येतो : शेतकरी आत्महत्यांचा. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीवन संपविले. त्यांत नांदेडचे १७५ आणि लातूरचे ७२ होते.

हा आकडाही जपून वाचावा लागतो. नांदेडमध्ये लातूरच्या जवळजवळ अडीचपट आत्महत्या, असे सहज म्हटले जाते. परंतु २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. दर लाखामागे काढले तर नांदेड ५.२ आणि लातूर २.९ येते. अंतर पावणेदोन पटींचे होते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने भागाकारासाठी हाताशी असलेली लोकसंख्याही जुनीच आहे. शिवाय ही नोंद साहाय्याच्या पात्रतेशी जोडलेली आहे. जिच्या नावावर सातबारा नाही अशी शेतात राबणारी बाई त्यात 'शेतकरी' म्हणून सहसा येत नाही. शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू करून मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत, त्यांत नांदेड आणि लातूरही आले, समुपदेशनाची सोय केली हे खरे. तरीही आपल्या जिल्ह्यात मनाची गणती प्रामुख्याने मृत्यूनंतर होते, एवढे यातून स्पष्ट व्हावे. जो जिवंत आहे, ओसरीत बसून आहे, नातवाचे नाव विसरतो आहे, तो कोणत्याच रकान्यात नाही.

राज्यात वृद्धांचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे १० टक्के होते. तेच या दोन जिल्ह्यांना लावले तर ५ लाख ७५ हजारांच्या घरात वृद्ध होतात आणि त्यांवर देशाचे ७.४ टक्के लावले तर स्मृतिभ्रंशासह जगणारी माणसे चाळीस हजारांच्या वर जातात. हा ढोबळ हिशेब आहे, पाहणी नव्हे. खेडी, स्त्रिया आणि निरक्षरता यांचे प्रमाण पाहता खरा आकडा याहून मोठा निघाला तर आश्चर्य वाटू नये. त्यांच्यासाठी सेवा कोठे आहे? राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये दशकानुदशके ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राहिली, मराठवाड्यात एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग यांवरच भिस्त आहे.

जिल्ह्याचा आकडा काढणे अशक्य कोटीतले आहे काय? मुळीच नाही. प्रमाण सातेक टक्के आहे असे धरले आणि उत्तरात दीड टक्क्यापर्यंतची चूक चालेल असे ठरविले, तर निव्वळ गणिताने सुमारे १,२०० वृद्ध पुरतात. एका गावातील माणसे एकमेकांसारखी असतात, काही दारे बंद मिळतात, हे जमेस धरून दर जिल्ह्यात दीड ते दोन हजार. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे, त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. लातूरच्या शिकवण्यांत दरवर्षी जितके विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशाची तयारी करतात, त्यांच्या मानाने दोन हजार म्हाताऱ्यांची विचारपूस हा आकडा फार मोठा नव्हे. आणि अशी पाहणी होईल तेव्हा औसा तालुक्यातील पुनर्वसित गावे त्यात स्वतंत्र गट म्हणून घेतली जावीत. भूकंपाचा पट्टा आणि त्याबाहेरची गावे यांची तुलना अजूनही करता येते, ती पिढी अजून हयात आहे. दहा वर्षांनी ती करता येणार नाही.

पाहणीवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो, की औषध नाही तर मोजून काय करायचे? स्मृतिभ्रंश बरा करणारे औषध आज नाही, हे खरे आहे. पण गोव्यात दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने घरोघरी गेल्या. आजार काय आहे ते समजावून सांगणे, रुग्ण चिडला तर कसे वागावे, शासकीय योजना कोणत्या, गरज पडल्यास डॉक्टरांची भेट, एवढेच काम. कुटुंबांची दोन गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली होती, त्यामुळे तुलना विश्वासार्ह होती. भेटी मिळालेल्या घरांत सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, ओझे कमी वाटू लागले. सांभाळ करणारी बहुधा सून किंवा मुलगी असते आणि तिच्या मनाची नोंद तर कोणीच घेत नाही.

आजाऱ्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देणारे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि सेवाभावी बंधुभगिनी यांना एखादे आजोबा पाठ असलेली प्रार्थना मध्येच विसरतात किंवा परवाची भेट आठवत नाही, हे अनेकदा घरच्यांच्याही आधी दिसते. ते नजरेआड करू नये. घरच्यांशी शांतपणे बोलावे, आधी कान-डोळे, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी आणि नांदेड वा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागाकडे पाठवावे. काही विस्मरणे थायरॉइडच्या विकाराने, जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेने किंवा नैराश्याने आलेली असतात आणि उपचाराने पुष्कळ सुधारतात. मनावर ताण असल्यास केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, तेथे मराठीतूनही बोलता येते. आणि उद्या कोणी ओळखपत्र दाखवून, संमती विचारून, घरच्या वृद्धांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगू लागले, तर सून वा नातवाने शेजारी बसून उत्तरे पुरवू नयेत. म्हातारे माणूस अडखळले तर अडखळू द्यावे, पाहणीकार तेच टिपून घ्यायला आलेला असतो.